मुंबईचा प्लेग आणि तीन समीकरणं

साथीच्या रोगांचं गणित शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच एक आलेख भेटतो. खाली आठवडे, उभ्या बाजूला मृत्यू. टिंबं हळूहळू चढत जातात, एका शिखरावर पोचतात आणि उतरतात. त्या टिंबांवरून एक गुळगुळीत रेघ काढलेली असते, आणि ती इतकी छान बसलेली असते की बघताक्षणी गणितावर विश्वास बसावा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: मुंबई बेट, प्लेग, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६.

म्हणजे आपली मुंबई बरं का. भायखळा, मांडवी, परळ. जगभरची पोरं ज्या आलेखावर साथीचं गणित शिकतात तो आपल्या शहरातल्या मेलेल्या माणसांचा आहे, आणि मुंबई-पुण्यात आयुष्य काढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. मलाही २०२० च्या लॉकडाऊनपर्यंत नव्हता. तेव्हा जो तो 'आर-नॉट' आणि 'कर्व्ह सपाट करा' बोलत होता, म्हणून मी मूळ पेपर शोधून वाचला. तेव्हापासून तो आलेख काही डोक्यातून गेलेला नाही. त्याची गोष्ट सांगतो, कारण वर वर दिसते त्यापेक्षा ती बरीच गुंतागुंतीची आहे.

आधी प्लेगबद्दल थोडं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठी आलेले तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने स्वतःची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा आला (होय, २०२० मध्ये आपल्याला लागू केला तोच). १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, आणि २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा भाग शाळेत शिकलेला असतो, त्यामुळे लांबवत नाही.

शाळेत सांगत नाहीत ते हे, की प्लेग १८९७ नंतर गेला नाही. तो दरवर्षी येत राहिला. थंडीत सुरुवात, मार्च-एप्रिलमध्ये शिखर, उन्हाळा कडक झाला की ओसरला, पुढच्या थंडीत परत हजर. एक दोन नव्हे, दहा-पंधरा वर्षं. हिंदुस्थानभरात मिळून पंचवीसेक वर्षांत एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा १९०५-०६ ची मुंबईतली साथ ही काही खास साथ नव्हती. एका लांबलचक मालिकेतला तो एक भाग होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाचं काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये चाललं, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. हे काम फार चिकाटीचं होतं. शहरभरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर गोळा करायचे, कुठल्या घरातला कुठला याची नोंद ठेवायची, फाडून तपासायचे, पिसवा मोजायच्या. त्यातून पक्कं झालं की रोग मुळात उंदरांचा. आधी गटारातल्या उंदरांत, मग घरातल्या उंदरांत आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत. मधला दलाल उंदरावरची पिसू. उंदीर मेला की पिसू नवीन गिऱ्हाईक शोधते आणि ते गिऱ्हाईक म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर झोपलेला गिरणी कामगार.

याच आयोगाच्या अहवालांतून दर आठवड्याच्या मृत्यूंचे ते ३१ आकडे आले. पण त्यांच्यावर रेघ काढली गेली ती वीसेक वर्षांनी आणि तीही एडिंबरोत.

रेघ काढणारे दोघे होते. अँडरसन मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. १९०१ मध्ये तो रोनाल्ड रॉसबरोबर सिएरा लिओनला मलेरियाच्या मोहिमेवर गेला होता. रॉस म्हणजे तोच, ज्याने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला आणि १९०२ चं नोबेल मिळवलं. रॉसला गणिताचं प्रचंड वेड. मलेरिया संपवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका ठरावीक पातळीखाली गेली की पुरे, हे त्याने समीकरणं मांडून दाखवलं. तेव्हाच्या डॉक्टर मंडळींना ते फारसं पटलं नाही, पण मॅकेंड्रिकला गणिताची गोडी लागली ती तिथूनच. पुढे तो बरीच वर्षं कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. १९२० मध्ये आजारपणामुळे परत गेला आणि एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

दुसरा विल्यम करमॅक, त्याच प्रयोगशाळेतला रसायनशास्त्रज्ञ. १९२४ च्या जूनमध्ये प्रयोग करताना स्फोट झाला, अल्कली डोळ्यांत गेलं आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी हा माणूस कायमचा आंधळा झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, या दोघांचा साथीच्या गणितावरचा पेपर रॉयल सोसायटीने छापला. त्या पेपरात पानंच्या पानं इंटिग्रल समीकरणं आहेत. दुसऱ्याने वाचून दाखवायचं आणि याने ती डोक्यात धरून पुढची पायरी सांगायची. मला तीन लेव्हलचा नेस्टेड लूप दोन मॉनिटरशिवाय कळत नाही. असो.

आता मॉडेल. लोकांचे तीन गट करा: ज्यांना रोग होऊ शकतो ते, सध्या आजारी असलेले, आणि बाजूला झालेले (बरे होऊन किंवा मरून, गणिताला फरक पडत नाही). आजारी माणूस रोग होऊ शकणाऱ्याला भेटला की संसर्गाची शक्यता, म्हणून नवीन रुग्णांचा वेग दोन्ही गटांच्या गुणाकारावर अवलंबून. आणि आजाऱ्यांपैकी ठरावीक हिस्सा रोज बाजूला होतो. बस्स. तीन गट, तीन समीकरणं, दोन स्थिरांक. आज पायथनमध्ये दहा ओळींत होतं. (खरं तर पेपरात याहून कितीतरी व्यापक मॉडेल आहे, ज्यात माणूस आजारी पडून किती दिवस झाले यावर संसर्गाची ताकद बदलते. हे तीन समीकरणांचं प्रकरण त्यातलं एक खास सोपं उदाहरण आहे. पण जगाने तेवढंच उचललं.)

यातून निघालेली गोष्ट मात्र मोठी होती. तेव्हा मोठा प्रश्न असा होता की साथ संपते का? एक मत: रोग होऊ शकणारी सगळी माणसं संपली म्हणून. दुसरं मत: जंतूचा जोर ओसरला म्हणून. या दोघांनी दाखवलं की दोन्हीपैकी काहीच व्हायची गरज नाही. एक आजारी माणूस बरा किंवा मरायच्या आधी सरासरी एकापेक्षा जास्त जणांना रोग देत असेल तर साथ वाढते, कमी जणांना देत असेल तर विझते. साथ वाढता वाढता रोग होऊ शकणारे कमी होतात, तो आकडा एका उंबरठ्याखाली गेला की उतार सुरू होतो, आणि साथ संपते तेव्हा बरीच माणसं स्पर्शही न होता शिल्लक असतात. लसीकरण सगळ्यांचं झालं नाही तरी साथ का थांबू शकते याचं कारण या उंबरठ्यात आहे.

एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल की खऱ्या आकड्यांवर चालवून बघू. पण ही समीकरणं हाताने नेमकी सुटत नाहीत. मग त्यांनी साथ छोटी आहे असं धरून एक अंदाजी सूत्र काढलं. त्यातून घंटेच्या आकाराची एक वक्ररेषा मिळते, गणिती भाषेत हायपरबोलिक सेकंटचा वर्ग. त्यात मुंबईसाठी तीन आकडे बसवले: शिखराची उंची आठवड्याला ८९०, वेग ०.२ आणि सुरुवात सरकवायला ३.४. ३.४ ला ०.२ ने भागा, १७ येतात. म्हणजे शिखर सतराव्या आठवड्यात, एप्रिल १९०६ च्या मध्यावर. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं तर एकूण मृत्यू सुमारे ८९००. टिंबं रेघेवर बसली आणि आलेख पाठ्यपुस्तकांत गेला तो कायमचा.

दोघे प्रामाणिक होते हे सांगायला हवं. माणसातला प्लेग हे उंदरातल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं धरून त्यांनी गृहीतकांची यादीच दिली आहे: सगळे उंदीर सारखेच, बेटावरच्या कुठल्याही उंदराला रोग व्हायची शक्यता सारखीच, पिसवा इतक्या की जणू उंदराला उंदराचाच संसर्ग होतोय, वगैरे. आणि लगेच पुढे म्हटलंय की यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, त्यामुळे हे आकडे फार ढोबळ समजावेत. पाठ्यपुस्तकांनी रेघ उचलली आणि ही वाक्यं वगळली. आपल्याकडेही डॅशबोर्ड बोर्डरूममध्ये जातो आणि खालची 'ही माहिती अपुरी आहे' ही टीप स्लाइडवरून उडते, त्यातलाच प्रकार.

आता एका शनिवारी बसून मी केलेला हिशेब. अवघड नाही, तुम्हीही करू शकता.

वक्र सांगतो की सुरुवातीला मृत्यू दर आठवड्याला साधारण दीडपट होत होते, म्हणजे दुप्पट व्हायला बारा दिवस. समजा, उंदीर बिंदीर विसरलो आणि हे मॉडेल थेट माणसांना लावलं. मुंबईची वस्ती तेव्हा सुमारे दहा लाख. त्यातले ८९०० म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मॉडेलप्रमाणे इतकी छोटी साथ तेव्हाच शक्य आहे जेव्हा एक रुग्ण सरासरी फक्त १.००४५ जणांना रोग देतो, उंबरठ्याच्या केसभर वर. पण इतक्या कमी प्रसाराने बारा दिवसांत दुप्पट व्हायचं असेल तर पिढ्या फार झपाट्याने बदलायला हव्यात. आकडे टाकले तर आजारपणाचा सरासरी काळ येतो दोन तासांपेक्षाही थोडा कमी! माणसाला सकाळी दहाला प्लेग झाला, बारा वाजेपर्यंत विषय संपला. प्रत्यक्षात प्लेगचा रुग्ण कित्येक दिवस तडफडायचा.

बरं, उंदरांना लावू. उंदीर आठवडाभर आजारी राहतो म्हणा. मग एक उंदीर १.४ उंदरांना रोग देतो आणि साथीत रोग होऊ शकणारे निम्मे उंदीर खलास. ऐकायला ठीक वाटतं. पण मुंबईत उंदीर किती होते? एका माणसाच्या मृत्यूमागे किती उंदीर मेले? हे मॉडेलमध्ये कुठेच नाही, आणि वक्राच्या तीन आकड्यांतून ते काढताही येत नाही. तीच रेघ, तितकीच सुंदर बसलेली, पण तिच्यामागे दोन तासांचा प्लेगही असू शकतो आणि आठवड्याचाही. डेटा दोघांत फरक करू शकत नाही. मशीन लर्निंगवाल्या मित्रांना ही गोष्ट नवीन नाही, पण इथे ती आपल्या पणजोबांच्या पिढीच्या मृत्यूंवर घडलेली आहे.

आणि आता तो सुरुवातीचा मुद्दा, दरवर्षीचा. मॉडेल म्हणतं, एप्रिलनंतर साथ ओसरली कारण रोग होऊ शकणारे उंदीर उंबरठ्याखाली गेले. मग १९०५ चीही त्याच सुमाराला का ओसरली? १९०७ चीही? दरवर्षी उंदीर नेमके वसंत ऋतूतच कमी पडत होते का? उत्तर परळच्या अहवालांतच होतं: पिसवांचा हंगाम आणि प्लेगचा हंगाम एकच. मुंबईच्या उकाड्यात पिसवा घटतात, त्यांच्यामार्फत होणारा प्रसारही मंदावतो. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हा सगळा प्रकार पुन्हा तपासला. उंदीर, पिसवा, माणसं आणि ऋतू हे सगळं घेऊन मॉडेल मांडलं आणि दाखवलं की जुन्या रेघेमागचे आकडे वास्तवाला धरून नाहीत, साथीच्या उताराचं मोठं कारण ऋतुमान होतं. म्हणजे पंच्याऐंशी वर्षं जगाने साथीच्या गणिताचं आदर्श उदाहरण म्हणून जो आलेख दाखवला त्यात सांगितलेली यंत्रणा घडलेलीच नसावी. घंटेच्या आकाराला घंटेचा आकार जुळला, इतकंच.

यावर 'मग गणिताचा उपयोग काय' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारणही मॅकेंड्रिकच आहे. १९२६ मध्ये, म्हणजे या पेपरच्या आदल्या वर्षी, त्याने आणखी एक उदाहरण छापलं होतं. फार कमी लोकांना माहीत आहे, मला ते प्लेगच्या आलेखापेक्षा कितीतरी आवडतं.

हिंदुस्थानातलं एक खेडं, तिथे कॉलरा. २२३ घरं. १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एकूण ८६ रुग्ण. आता जर सगळ्या घरांना धोका सारखाच असता आणि कोणाला होतो हा निव्वळ नशिबाचा भाग असता, तर एक रुग्ण असलेली घरं ५८ च्या आसपास हवी होती, आहेत ३२. तीन रुग्णांची एखाद-दुसरं, आहेत ६. म्हणजे रोग काही घरांत जास्त साचलाय. मॅकेंड्रिकने शून्यवाली घरं बाजूला ठेवली आणि उलट विचारलं: उरलेले आकडे नशिबाच्या गणितात बसायचे असतील तर धोका मुळात किती घरांना असायला हवा? उत्तर आलं ९३. ९३ घरं धरली की एक रुग्ण असलेली ३४ येतात, दोनवाली १६, तीनवाली ५, चारवालं १. प्रत्यक्ष आकड्यांशेजारी ठेवून बघा. आणि त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की रोग पाण्यातून आला असावा, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरं एकाच दूषित विहिरीवर पाणी भरत असावीत.

गणित इथे सांगतं की जाऊन बघा, अमुक इतकी घरं एका विहिरीवर असतील. हे खरं की खोटं ते गावात एक चक्कर मारून ठरवता येतं. खोटं निघालं तर मॉडेल फेकून द्या. खरं निघालं तर विहीर बंद करा, माणसं वाचतील. प्लेगच्या रेघेत असं काही नव्हतं. साथ संपून वीस वर्षं झाल्यावर काढलेली ती रेघ, तिने उद्या कुठे जाऊन काय बघायचं हे सांगितलंच नाही.

२०२० मध्ये आपण सगळे रोज असल्या रेघा बघत होतो. त्या ऑक्टोबरात सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मॉडेलच्या आधारे सांगितलं की शिखर होऊन गेलं आहे आणि काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास ओसरेल. फेब्रुवारीपर्यंत आकडे खरोखर उतरले होते, वक्र टिंबांवर छान बसला होता. एप्रिल-मे २०२१ मध्ये काय झालं ते सांगायला नको. नवीन विषाणू-प्रकार त्या समीकरणांत नव्हता, आणि 'काळजी घेतली तर' हे तीन शब्द बातम्यांच्या मथळ्यांत नव्हते. माझी तक्रार मॉडेल करणाऱ्यांवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. उताराची रेघ दिसली की तिच्यामागचं कारण कळलंच असं आपण धरून चालतो. उतार नक्की कशामुळे आला, उंदीर संपल्यामुळे की उन्हाळा लागल्यामुळे, हे विचारत नाही. आणि पुढच्या थंडीची तयारी करायची की नाही हे त्या उत्तरावरच ठरतं.

ते ३१ आकडे हवे असतील तर १९२७ च्या पेपरातल्या आलेखावरून वाचून घेता येतात. मी स्प्रेडशीटमध्ये भरून ठेवलेत. डिसेंबरातला पहिला आकडा एक अंकी आहे, शिखराजवळचे आठशे-नऊशे. एका आठवड्यात, एका बेटावर. आलेखात ती एवढीशी टिंबं दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा बघताना माझी नजर सरळ रेघेवरच गेली होती.